चोर बाजार, मटन स्ट्रीट : डाग आणि ओरखड्यांसकट घ्या

सगळं फर्निचर एकाच शोरूममधून उचललं की हॉल चकाचक दिसतो पण तो कोणाचाही असू शकतो, म्हणून मी आरसा, टिपॉय, दिवे असं बरंचसं मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून घेतलं आणि मला ही गल्ली मनापासून आवडते.

सगळ्यात भारी घेतलेली गोष्ट म्हणजे शिसवी चौकटीचा जुना बेल्जियम आरसा. कडेने काळे डाग आलेत, मागचा चांदीचा थर दमट हवेने खाल्लाय. दुकानदार म्हणाला काच बदलून देतो, मी नको म्हटलं, कारण नवी काच लावली की उरते फक्त चौकट. आता तो खिडकीसमोर आहे आणि संध्याकाळचा उजेड त्या डागांमधून इतका मऊ येतो की समोरच्या भिंतीवर दुसरं काही लावावंसंच वाटत नाही.

एका दुकानात मात्र फार वाईट वाटलं. चांगली सागवानी आरामखुर्ची, वेताची बैठक शाबूत, हातावर वर्षानुवर्षं हात टेकून आलेली झिलई, आणि ती सगळी घासून काढून वर चकचकीत मेलामाईन पॉलिश मारलेलं. प्लीज, तुम्ही घ्याल तेव्हा आधीच सांगा की पॉलिश करू नका, घरी आणून पुसा आणि लागलंच तर चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश हलक्या हाताने करून घ्या, ओरखडे राहू देत.

पण डाग वेगळे आणि खराबी वेगळी. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून आतली बाजू बघा, भरीव लाकूड आहे की प्लायवर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, ते कडेला लगेच कळतं. बारीक भोकं असतील आणि टकटक केल्यावर ताजं पीठ पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, कितीही सुंदर असो घरी आणू नका. पितळेच्या दिव्याला खिशातलं छोटं मॅग्नेट लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे. इनॅमलचे टवके उडालेले डबे फुलं, चमचे ठेवायला मस्त, स्वयंपाकाला नाहीत. जुन्या दिव्यांची वायर बदलूनच लावायची, यात तडजोड नाही.

चित्रकार राजा रवी वर्मांच्या छापखान्यातली, म्हणजे रवी वर्मा प्रेसची चित्रं दाखवतात ती सांभाळून घ्या. प्रेस १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, त्याची जुनी शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रं भिंगातून बघितली तर ठिपके वेडेवाकडे दिसतात, आणि एकसारख्या ओळीत ठिपके दिसले तर ती हल्लीची कॉपी. कॉपी पण छान दिसते हो, फक्त जुन्याचे पैसे देऊ नका.

भावाचं म्हणाल तर घासाघीस करावीच लागते, पण कारागिरीबद्दल विचारलं की बरेच दुकानदार खुलतात, कुठल्या प्रकारच्या घरातून वस्तू आली, कुठला पाय नंतर बदललाय हे स्वतःहून दाखवतात. मला हे कुठल्याही कॅटलॉगपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

मोठं कपाट किंवा पलंग हवा असेल तर जोगेश्वरी वेस्टला ओशिवऱ्याचं जुन्या फर्निचरचं मार्केट बघा. पुणेकरांना जुना बाजार आहेच, बुधवार आणि रविवार.

मटन स्ट्रीटची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी सकाळी लवकर रस्त्यावरचा बाजार भरतो. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो त्या मेलामाईनसाठी.