सिलिकॉन नायट्राइडची सॉलिटॉन चिप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या प्रयोगशाळेने आठ महिन्यांपूर्वी सिलिकॉन नायट्राइडच्या वलयाकार रेझोनेटरांची, म्हणजे प्रकाश ज्यांत फिरत राहून साठतो अशा सूक्ष्म वलयांची, चिप मागवली. वलयाची त्रिज्या सुमारे 230 मायक्रोमीटर आहे, त्यामुळे फ्रीक्वेन्सी कोंबच्या, म्हणजे समान अंतरावरच्या वारंवारितांच्या प्रकाशरेषांनी बनलेल्या कंगव्याच्या, लगतच्या दोन दातांमध्ये 100 गिगाहर्ट्‌झचे अंतर पडते. 2007 साली जर्मनीतील गार्खिंगच्या माक्स प्लांक संस्थेत काचेच्या सूक्ष्म रेझोनेटरातून असा कंगवा मिळाला, आणि 2014 साली मॅग्नेशियम फ्लोराइडच्या स्फटिकातील सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता फिरत राहणारे प्रकाशाचे स्पंद, प्रसिद्ध झाले. तेच आता विकत घेतलेल्या चिपवर मिळते का, हे आम्हाला पाहायचे होते.

मिळते, आणि उत्तम मिळते. 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा लेझर लांब तरंगलांबीकडे सावकाश सरकवला, की चिपमधून बाहेर येणाऱ्या प्रकाशाची ऑसिलोस्कोपवरची रेषा आधी तिरकी उतरत जाते, मग गोंगाटाने जाड होते आणि अखेरीस पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. प्रत्येक पायरीला वलयातले सॉलिटॉन कमी होतात. अडचण अशी, की सॉलिटॉन तयार होताच वलयातली शक्ती एकदम घटते, वलय थंड होऊन त्याचा अनुनाद, म्हणजे ज्या तरंगलांबीला त्यात प्रकाश साठतो ती, सरकतो आणि पायरी क्षणात हातची जाते. चिपवरचा सूक्ष्म हीटर इथे फार उपयोगी पडला: लेझर स्थिर ठेवून हीटरचा प्रवाह झटकन उतरवला, की एकच सॉलिटॉन बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत टिकतो. मग स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर पंपाच्या, म्हणजे वलयाला प्रकाश पुरवणाऱ्या लेझरच्या, दोन्ही बाजूंना उतरत जाणारी दातांची सुबक कमान उभी राहते. एका संध्याकाळी सुरू केलेली कमान दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच होती, आणि ती पाहून झालेला आनंद मला लपवता आला नाही.

तक्रार आहे ती वेष्टनाची. चिप उघडी आली. भिंगाच्या टोकाचा फायबर तिच्या कडेशी जुळवण्यात दोन आठवडे गेले, आणि वातानुकूलन सुरू-बंद झाले तरी जुळणी बिघडे. माहितीपत्रकातला गुणवत्ता-अंक, म्हणजे वलय प्रकाश किती काळ धरून ठेवते हे सांगणारा क्यू, हा नमुन्यादाखल होता, आमच्या चिपवर मोजलेला नव्हता. सहापैकी दोन वलयांनी एकल सॉलिटॉन कधीच दिला नाही. एवढी किंमत घेणाऱ्याने प्रत्येक वलयाचे मोजमाप सोबत द्यायलाच हवे.

मागणी नोंदवताना फायबर चिकटवूनच द्यावा, असे लेखी ठरवून घ्यावे, आणि सर्व वलयांच्या मोजलेल्या क्यूची यादी हाती आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.