बँकेचं ॲप की ब्राउझरमधलं नेट बँकिंग?

नुसती शिल्लक पाहायची असेल तर ॲपला तोड नाही. बोट टेकवलं की झालं. पण मागच्या वर्षीचं स्टेटमेंट काढायचं म्हटलं की जीव मेटाकुटीला येतो: आधी ‘सेवा’, मग ‘विनंती’, मग ‘इतर’, आणि चुकून मागे जायचं बटण दाबलं की थेट लॉगआउट. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जाऊन यावं, तर अर्धा भरलेला फॉर्म कोरा! नेट बँकिंगमध्ये पासवर्ड टाइप करत बसावं लागतं, हे खरं. पण सगळा मेनू एका नजरेत दिसतो, खाते क्रमांक एकेक आकडा नीट ताडून पाहता येतो. नवा लाभार्थी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे त्याचं खातं, जोडायचा असेल तर मी लॅपटॉपच उघडते. आईकडे मात्र फक्त फोन आहे. तिच्यासाठी तरी ॲप सोपं व्हायलाच हवं.