अंगणातले स्वस्त सौर दिवे: नऊ महिन्यांनंतर, मुख्यतः सेलच्या कप्प्याविषयी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर परभणीतील आमच्या घरी, फाटकापासून मागच्या हौदापर्यंतच्या वाटेवर मी जमिनीत खोचायचे बारा सौर दिवे लावले आणि भिंतीवर माणसाची चाहूल लागताच उजळणारे दोन मोठे दिवे बसवले. बारा दिव्यांचे १,३२० रुपये झाले आणि भिंतीवरच्या दोघांचे १,१००. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने आणि पुष्कळदा अपरात्री येते. तेव्हा कुणीतरी उठून मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या मधून हौदापर्यंत जाऊन पाइप लावावा लागतो, आणि त्याच वाटेवरच्या फरशीखाली दोनदा विंचू निघाला होता. त्यामुळे बाग सुंदर दिसावी ही इच्छा दुय्यम होती. रात्री दोन वाजता पाऊल कुठे पडते हे दिसावे, एवढ्यासाठी ही खरेदी होती.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर बारापैकी पाच दिवे एकाच रात्री बंद पडले. विक्रेत्याशी चार दिवस पत्रव्यवहार झाला. आधी त्यांनी दिव्याचे चित्रीकरण मागितले, मग सहा महिन्यांची हमी एप्रिलमध्येच संपल्याचे कळवले, आणि शेवटी पाण्याने झालेले नुकसान हमीत मुळात बसतच नाही असे लिहिले. डब्यावर ठळक अक्षरांत ‘आयपी ६५’ छापलेले आहे. यातील ६ म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे आणि ५ म्हणजे कुठल्याही बाजूने आलेल्या पाण्याच्या झोताला दाद न देणे. ज्या दिव्यावर हे छापले आहे, त्याच्या पावसाच्या नुकसानीची जबाबदारी विकणारा घेत नसेल, तर ती अक्षरे छापायलाच नको होती. मला याचा मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मग मी दिवे स्वतः उघडले, आणि या अनुभवातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तेव्हा हाती आली. बारापैकी आठ दिवे आधी घेतले होते आणि चार पंधरा दिवसांनी, त्याच विक्रेत्याकडून. बाहेरून ते तंतोतंत सारखे आहेत. मात्र पहिल्या आठांच्या टोपीखाली सेलचा कप्पा दोन स्क्रूंनी बंद केलेला आहे आणि नंतरच्या चारांचा डिंकासारख्या पदार्थाने कायमचा चिकटवलेला आहे. बंद पडलेल्यांत तीन स्क्रूवाले होते आणि दोन चिकटवलेले. स्क्रूवाल्या तिन्हींत स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती आणि १.२ व्होल्टचा सेल मल्टिमीटरवर ०.३ दाखवत होता. लिंबाच्या रसात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने स्प्रिंग घासली, कोरडी करून पॉलिश पेपर फिरवला, प्रत्येकी साठ रुपयांचा नवा निकेल-मेटल हायड्राइड सेल घातला, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून झाकणाखाली बसवले, कारण आयपी ६५ म्हणवणाऱ्या त्या कप्प्याला रबराची पट्टीच नव्हती. तिन्ही दिवे त्याच संध्याकाळी लागले. चिकटवलेल्या दोघांना हॅक्सॉ ब्लेडने कापावे लागले. त्यात पॅनेलची बारीक तार तुटली आणि ते दोन्ही कायमचे गेले.

असा सेल रोज भरतो आणि रोज रिकामा होतो, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात त्याचा दम संपणे स्वाभाविकच आहे. साठ रुपयांचा सेल बदलता येत नाही म्हणून चांगले पॅनेल आणि चांगला एलईडी कचऱ्यात जावेत, हे मला सहन होत नाही. दिव्याची चमक, आकार, रंग पाहण्याआधी तो उलटा करावा आणि स्क्रू शोधावा. बदलताना रिचार्ज होणाराच सेल घालावा. रिमोटमधला साधा सेल घातल्यास पॅनेल त्यालाही चार्ज करू पाहते आणि तो फुटून गळतो. १,००० मिलिअँपिअर-तासांचा मोठा सेल घालून दिवा जास्त वेळ चालेल असे मलाही वाटले होते. पण भर दुपारी माझ्या पॅनेलने ५५ मिलिअँपिअर दिले. सहा तासांच्या कडक उन्हात तो हिशेब ३३० च्या आसपास जातो. मूळचा ६०० चा सेलच त्याने भरत नाही, तर मोठा कसा भरणार? पॅनेल मात्र आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावे. उन्हाळ्यात आमच्याकडच्या धुळीचा थर दिव्याचा अर्धा-पाऊण तास खातो, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

भिंतीवरच्या दिव्यांविषयी थोडक्यात सांगतो. जानेवारीत ते पाच मीटरवरून माणूस ओळखत, तर मेमध्ये अगदी जवळ गेल्याशिवाय उजळत नसत. मी तो बिघाड समजलो, पण त्यांचा सेन्सर शरीराची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक टिपतो, आणि मेच्या संध्याकाळी आमची भिंतच अंगाइतकी तापलेली असते. शिवाय त्यांत लिथियम-आयन सेल आहे. अशा सेलसाठी चार्जिंगची वरची मर्यादा साधारणपणे ४५ अंश सेल्सिअस मानली जाते, आणि पश्चिमेच्या भिंतीवरील काळ्या डब्यात ती दुपारीच ओलांडली जात असणार. पॅनेल वेगळे आणि दिवा सावलीत, अशी तारेची जोडणी असलेला प्रकार मराठवाड्यात अधिक टिकेल असे मला वाटते.

एवढे लिहून झाल्यावर मी विजेचा हिशेब मांडला आणि माझे मत डळमळले. ६०० मिलिअँपिअर-तासांचा १.२ व्होल्टचा सेल पूर्ण भरला तरी त्यात पाऊण वॉट-तासही वीज नसते. बारा दिव्यांची महिन्याची सारी वीज पाव युनिटच्या आसपास येते. म्हणजे नऊ महिन्यांत जास्तीत जास्त अडीच युनिट वाचले, आणि नुसत्या तीन सेलना १८० रुपये गेले. याउलट १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन वॉटचे चार दिवे रात्रभर, दहा तास, लावले तरी महिन्याला ३.६ युनिट लागतात आणि उजेड कितीतरी जास्त मिळतो. वीजबिल वाचवण्यासाठी कुणी हे छोटे सौर दिवे घेत असेल, तर घेऊ नयेत. मीही पुढच्या वेळी तारेचेच दिवे घेईन, असे येथे लिहूनही टाकले होते.

ते वाक्य मी आता मागे घेतो. २ जुलैला दिवसभर ऊन होते, संध्याकाळी वादळ आले, वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, आणि नेमके त्याच रात्री पाणी आले. तारेचे दिवे असते तर वाट अंधारात असती. सलग ढगाळ दिवसांत सौर दिवे दीड-दोन तासांत विझतात, हेही खरे आहे. तरी खोदकाम नाही, तार नाही, दिवा उपटून हवा तिथे रोवता येतो, या सोयी आमच्या वाटेसाठी मोलाच्या ठरल्या. पांढऱ्याशुभ्र उजेडाऐवजी पिवळसर मात्र घ्यावा. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या दिव्याभोवती पाखरांचे ढग जमले, पिवळ्याकडे पुष्कळ कमी.

राहिला प्रश्न रात्री दोनचा, कारण अंधार पडताच लागलेला दिवा साडेबारा-एकला संपतो. उपाय आईने शोधला. हौदाजवळच्या दोन दिव्यांच्या टोपीखालचे बटण ती दिवेलागणीला बंद करते आणि रात्री दहाला, झोपण्यापूर्वी, पुन्हा सुरू करते. दिवसा बटण सुरूच ठेवावे लागते, कारण या दिव्यांत ते बंद असले की चार्जिंगही थांबते. परवा पाणी दोन वाजून वीस मिनिटांनी आले. वाटेवरचे बाकी सगळे दिवे विझले होते; हे दोन लागलेले होते.