गॅलिअमची २० ग्रॅमची कुपी : शाळेच्या प्रयोगशाळेतील अनुभव

धातूंचे द्रवणांक उच्च आणि अधातूंचे कमी, एवढे वाक्य फळ्यावर लिहून पुढच्या गुणधर्माकडे वळणे मला कधीच पटले नाही, म्हणून यंदा शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून गॅलिअम या धातूची २० ग्रॅमची कुपी मागवली. गॅलिअम जड असल्यामुळे एवढ्या वजनाचे आकारमान जेमतेम साडेतीन मिलिलिटर, म्हणजे चमचाभरही भरत नाही. तरी वर्गातल्या प्रयोगाला ते पुरते.

याचा द्रवणांक २९.७६ अंश सेल्सिअस असल्याने हातमोजा घातलेल्या तळहातावरही खडा हळूहळू पाझरू लागतो, आणि मुले ते डोळे विस्फारून पाहतात. मला अधिक मोलाचा वाटला तो पुढचा प्रयोग. एका परीक्षानळीत गॅलिअम आणि दुसरीत गंधकाचा खडा घेऊन दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात धरल्या, तेव्हा धातू पाहता पाहता वितळला, तर सुमारे ११५ अंशांना वितळणारा अधातू तसाच घट्ट राहिला. नियम उलटा का झाला, हे मुलांनी स्वतःहून विचारले. गंधकाच्या आठ अणूंच्या वलयांमधील आकर्षण क्षीण असते म्हणून तो लवकर वितळतो, परंतु ग्रॅफाईटमध्ये अणूंचे अखंड जाळे असल्यामुळे ते नेहमीच्या दाबाला वितळतच नाही, ३६०० अंशांच्या आसपास थेट बाष्प होते. धातूंतही पारा उणे ३९ अंशांना आणि टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, हे सारे त्या एका प्रश्नातून निघाले. गॅलिअम वितळते लवकर, पण उकळायला २२०० अंशांहून अधिक तापमान लागते, हेही आवर्जून सांगावे.

कुपी प्लॅस्टिकची असून वर मोकळी जागा ठेवलेली आहे, हे योग्यच, कारण गोठताना गॅलिअम सुमारे ३ टक्के प्रसरण पावते. माहितीपत्रक मात्र अपुरे आहे. ॲल्युमिनिअमला गॅलिअम लागल्यास तो ठिसूळ होतो, ही सूचना त्यात हवीच होती. काचेवर रुपेरी थर चिकटून राहतो, तेव्हा परीक्षानळी त्याच कामासाठी वेगळी ठेवावी. आमची कुपी मे महिन्यात द्रवरूपातच पोहोचली आणि खोली थंड झाल्यावरही गोठेना. अखेर फ्रीजरमध्ये ठेवावी लागली. शाळांनी ती हिवाळ्यात मागवावी.