फेरीनंतर गुडघा सुजला: पॅरासिटामॉल घ्यायची की आयबुप्रोफेन?

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी झाली की नाशकात मंगळवारी मेडिकलवर हाच प्रश्न, गुडघा सुजलाय, कुठली गोळी देता? दुखणं दोन्हींनी कमी होतं पण काम वेगळं आहे राव.

मार बसला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतात, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, जागा सुजते, लाल होते, गरम लागते, बोटाने दाबलं की मस्तकात कळ जाते, आणि हे सगळं शरीर मुद्दामच करतं, पांढऱ्या पेशी तिथे पोचून डागडुजी सुरू व्हावी म्हणून. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमच अडवते, त्यामुळे सूजही उतरते (ॲस्पिरिन असंच काम करते हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ ला नोबेल मिळालं). पॅरासिटामॉल ताप, दुखणं घालवते, सुजेवर मात्र जवळपास काहीच नाही.

मग आयबुप्रोफेनच भारी? थांबा जरा. तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं आणि किडनीचा रक्तपुरवठाही, म्हणजे उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन, वर बीपीची गोळी चालू असताना ही घेणं म्हणजे आ बैल मुझे मार. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पॅरासिटामॉल पोटाला सोपी, पण जास्त झाली की लिव्हरवर येते, आणि सर्दीच्या गोळ्यांतही तीच असते हे कोणी बघत नाही.

मुरगळलेल्या पायाला माझं मत आयबुप्रोफेनला, जेवणानंतर, एकदोन दिवसच. पण पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल, कारण आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.