परमिट रूमच्या परवान्यासाठी नेमलेली सल्लागार सेवा: काय मिळाले, काय खटकले

नगरपरिषदेच्या हद्दीत उपाहारगृहाला जोडून परमिट रूम सुरू करायची असल्याने एफएल-३ परवान्याचे (ग्राहकाला जागेवरच विदेशी मद्य देण्याच्या परवान्याचे) काम आम्ही एका खासगी सल्लागार कार्यालयाकडे सोपवले होते. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण या व्यवसायातील बहुतेकांची कामाची रीत थोड्याफार फरकाने हीच असावी. या सेवेची खरी किंमत अर्ज भरण्याआधीच वसूल होते. अर्ज दाखल झाल्यानंतर ती झपाट्याने कमी होत जाते.

पहिल्याच भेटीत त्यांनी जागेचा भाडेकरार झाला आहे का, असे विचारले आणि झालेला नसल्यास सध्या करू नका, असे बजावले. आम्हाला पसंत पडलेला गाळा त्यांनी स्वतः येऊन पाहिला. शाळा, धार्मिक स्थळ किंवा एसटी स्थानक ७५ मीटरच्या आत असेल तर परवाना अडतो, एवढे आम्हीही जाणून होतो. परंतु हे अंतर नकाशावर सरळ रेषेत न धरता दरवाजाच्या मध्यापासून माणूस ज्या वाटेने चालत जाईल त्या वाटेने टेप लावून त्यांनी मोजले, आणि शेजारच्या गल्लीतील देवळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झालेली आहे की नाही, याचीही चौकशी केली. नोंदणी असलेले देऊळ आणि रस्त्याकडेची घुमटी यांच्यात नियमांच्या दृष्टीने फरक पडतो, हे तोपर्यंत आमच्या गावीही नव्हते. तो गाळा अखेर सोडावा लागला. दुसऱ्या जागेच्या बाबतीत त्यांनी महामार्गाचा प्रश्न काढला. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या निकालामुळे १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतचे असंख्य बार बंद पडले होते आणि नगरपालिका हद्दीतील दुकानांना पुढे सवलत मिळाली, तरी हद्द नेमकी कोठे संपते याचा लेखी पुरावा हाती असलेला बरा, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटण्यासारखेच होते.

प्रभागातील वातावरणाचीही त्यांनी विचारपूस केली. महिला मतदारांनी मागणी केल्यास ‘उभी बाटली, आडवी बाटली’ (दुकान चालू ठेवायचे की बंद करायचे) असे मतदान होऊन चालू दुकानही बंद होऊ शकते, तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या, हा सल्ला कायद्याइतकाच व्यवहाराचाही होता. याच प्रामाणिकपणाने, आमच्या एका नातेवाइकांना वाईन शॉप काढायचे होते तेव्हा, त्यासाठी लागणारे एफएल-२ चे नवे परवाने कित्येक दशकांपासून दिले जात नाहीत, असलेलाच परवाना हस्तांतरित करून घ्यावा लागतो, असे सांगून त्यांनी ते काम नाकारले.

कागदपत्रांचे काम नेटके झाले. परवाना जिल्हाधिकारी देतात, पण त्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाची स्थळपाहणी, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, बांधकामाचा भोगवटा दाखला, अन्न परवाना, भागीदारीचे दस्त असा सारा पसारा असतो. नकाशात परमिट रूम, भोजनकक्ष आणि स्वयंपाकघर वेगवेगळे दाखवून चतुःसीमा अचूक लिहिल्यामुळे पाहणीच्या वेळी प्रश्न उरले नाहीत.

खटकले ते पैशांबाबत. सुरुवातीला त्यांनी सर्व खर्चाची एकच ठोक रक्कम सांगितली. शासकीय शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि परवानाधारकाच्या नावे चलनाने भरले जाते, म्हणजे त्यात लपवण्याजोगे काहीच नसते. तरीही चलनाच्या प्रती लेखी मागणी केल्यावरच मिळाल्या, आणि ‘इतर खर्च’ या शीर्षकाखालील रकमेचा तपशील अखेरपर्यंत मिळाला नाही. नव्याने जाणाऱ्यांनी शासकीय शुल्क स्वतःच भरावे आणि सल्लागाराचे मानधन त्याहून वेगळे, टप्प्याटप्प्याने द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवाना हाती पडल्यावर या कार्यालयाचा उत्साह ओसरला. नोकरांसाठीचा नोकरनामा (त्यांना तेथे काम करू देण्याची लेखी मान्यता), रोजच्या विक्रीच्या नोंदवह्या, ग्राहकाचा मद्यपान परवाना, मद्यासाठी २५ आणि सौम्य बिअर व वाईनसाठी २१ वर्षांची वयाची अट, ड्राय डे या रोजच्या जबाबदाऱ्या शेजारच्या एका जुन्या परवानाधारकाने आम्हाला समजावून सांगितल्या. परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. नूतनीकरणासाठी या कार्यालयाने पुन्हा ठोक रक्कमच सांगितली आहे, आणि ते काम आम्ही त्यांना देणार नाही. जागा निवडण्याचा सल्ला मात्र कोणी विचारल्यास त्यांच्याकडेच पाठवीन.