व्यसनमुक्ती केंद्र, कोल्हापूर : ४ स्टार, १ अभ्यासाचा कापला
मामेभाऊ बारावीचा, माव्यापासनं सुरुवात करून गांजापर्यंत गेलेला, रंकाळ्यावर दोस्तांसोबत बसून बसून. शेवटी इथं ॲडमिट केला. समुपदेशक मॅडम लय भारी, आईबापालापण समोर बसवून बोलायच्या, आधी पोराला शिव्या घालायचं बंद करा म्हणाल्या, मामा गपगार! जेवण ठीक, तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेलं पोरगं, कुरकूर करणारच. पण अभ्यासाचं कायच नाही राव, अमेरिकेत अशा पोरांसाठी रिकव्हरी हायस्कूल असतात, शाळा आणि नशेपासून लांब राहायला आधार एकाच छताखाली, इथं पुस्तक आत न्यायलापण परवानगी लागते. वर्ष गेलंच, आता १७ नंबर फॉर्म भरून बाहेरनं बसवतोय. कुठं जायचं कळत नसंल तर आधी १४४४६ ला फोन लावा, सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट.